मिलीवॉटची हौस

लेझर पॉइंटर घ्यायला गेलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार हमखास एकच गुण सांगतो, तो म्हणजे किरण किती लांब जातो. "साहेब, पाच किलोमीटर." जत्रेतल्या खेळण्यांच्या गाड्यावर हा आकडा दोन किलोमीटरपासून सुरू होतो. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तो जरा सावरून सांगितला जातो आणि ऑनलाइन जाहिरातीत तर त्याला धरबंधच राहत नाही. वास्तविक या आकड्याला काही अर्थ नाही. मध्ये काही आडवे आले नाही तर किरण पुढे जातच राहतो, फक्त रुंद होत जातो. साध्या पॉइंटरचा किरण दर किलोमीटरला साधारण एक मीटर पसरतो. म्हणजे पाच किलोमीटरवर 'पोचलेला' ठिपका एका खोलीएवढा झालेला असतो आणि त्यात पाहण्यासारखे काही उरलेले नसते. विचारायचे प्रश्न दोनच आहेत: तरंगलांबी किती नॅनोमीटर आणि शक्ती किती मिलीवॉट. पहिल्याचे उत्तर दुकानदाराला बहुधा माहीत नसते. दुसऱ्याचे उत्तर वेष्टनावर छापलेले असते आणि ते बहुधा खोटे असते.

'बहुधा' हे मी उगाच म्हणत नाही. निस्ट या अमेरिकेच्या मापन-संस्थेने २०१३ साली १२२ पॉइंटर तपासल्याचे निष्कर्ष जाहीर केले. तिथला नियम असा, की दृश्य प्रकाश ५ मिलीवॉटपेक्षा कमी हवा आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश २ मिलीवॉटपेक्षा कमी. हिरव्यांपैकी जवळजवळ ९० टक्के आणि लालपैकी सुमारे ४४ टक्के पॉइंटर या नियमात बसले नाहीत. ज्या देशात याबद्दल कायदा आहे, तपासणारी यंत्रणा आहे, तिथली ही गत. आपल्याकडे सिग्नलवर विकल्या जाणाऱ्या पेनाबद्दल काय बोलावे?

हे पुस्तक पॉइंटर विकत घेणाऱ्यांसाठी आहे, तसेच पुढे जाऊन सुटा डायोड आणून स्वतःच्या हाताने जोडू पाहणाऱ्यांसाठीही आहे. मात्र एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्याला जाळपोळ करायची आहे त्याचे पैसे वाचतील. लेझरच्या छंदातली बहुतेक मौज ५ मिलीवॉटच्या आत आहे आणि त्यातली निम्मी तर १ मिलीवॉटच्या आत. फुगे फोडणे, काडी पेटवणे, काळ्या प्लास्टिकला भोक पाडणे हे सगळे दोन संध्याकाळींत संपते. त्यानंतर माणूस आणखी मोठा लेझर शोधू लागतो आणि शिकत काहीच नाही.

हा छंद उभा राहिला तो प्रयोगशाळांच्या कृपेने नव्हे, भंगारबाजाराच्या. थिओडोर मायमन यांनी मे १९६० मध्ये कॅलिफोर्नियातल्या मालिबू इथे माणकाच्या कांडीतून पहिला लेझर चमकवला. अर्धवाहकाचा, म्हणजे डायोडचा, लेझर दोनच वर्षांत आला. १९६२ साली जनरल इलेक्ट्रिकमध्ये रॉबर्ट हॉल यांनी तो केला, पण त्याला द्रवरूप नायट्रोजनमध्ये गारठवून ठेवावे लागे. आपल्याकडे ट्रॉम्बेलाही साठच्या दशकातच गॅलियम आर्सेनाइडचा लेझर बनला होता. याच काळात बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले कुमार पटेल अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये कार्बन डायऑक्साइडच्या लेझरवर काम करत होते. आज गावोगावी ॲक्रिलिकच्या नावपाट्या आणि लग्नपत्रिकांची जाळी कापणारी जी यंत्रे बसली आहेत, त्यांच्या नळीत त्यांचाच १९६४ चा शोध जळत असतो. डायोडची गोष्ट मात्र १९७० पर्यंत अडून राहिली. त्या वर्षी लेनिनग्राडला झोरेस अल्फेरॉव्ह यांच्या गटाने आणि बेल लॅब्जमध्ये हायाशी व पॅनिश यांनी नेहमीच्या तापमानाला अखंड चालणारा डायोड लेझर करून दाखवला. बारा वर्षांत तो सीडी प्लेअरमध्ये जाऊन बसला. पुढे डीव्हीडी रायटरमधून लाल, ब्लू-रेमधून जांभळे आणि प्रोजेक्टरमधून निळे डायोड निघू लागले. एरवी परवडले नसते असे घटक जुन्या बाजारात किलोच्या भावाने येऊन पडले आणि ज्याच्याकडे बारीक स्क्रू ड्रायव्हर होता तो हौशी झाला.

सीडी प्लेअरमधला डायोड ७८० नॅनोमीटरचा असतो, म्हणजे जवळजवळ अदृश्य. नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. का, ते पुढे येईलच.

आता रंगांबद्दल. नव्या माणसाला वाटते, की लाल, हिरवा, निळा ही आवडीची बाब. प्रत्यक्षात लाल पॉइंटर आणि जुन्या पद्धतीचा हिरवा पॉइंटर यांत नावापलीकडे फारसे साम्य नाही. लाल पॉइंटर उघडला तर आत एक डायोड, एक भिंग आणि प्रवाह आवरणारे दोन-चार घटक सापडतात. डायोडमधून निघालेला लाल प्रकाश भिंगातून सरळ बाहेर येतो. हिरव्याच्या पोटात मात्र तीन पायऱ्या असतात. मागे बसलेला डायोड ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश देतो. तो निओडिमियम मिसळलेल्या व्हॅनडेटच्या स्फटिकात शिरतो आणि तिथून १०६४ नॅनोमीटरचा, म्हणजे आणखी खोल अवरक्त, किरण निघतो. त्याला चिकटवलेला दुसरा स्फटिक केटीपीचा. त्यात तरंगलांबी निम्मी होते आणि ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश जन्मतो. हे दोन स्फटिक मिळून तांदळाच्या दाण्याएवढेही नसतात. चिमट्यात धरून भिंगाखाली पाहिल्यावर पहिल्यांदा विश्वासच बसत नाही, की एवढ्याशा खड्यात हा सगळा व्यवहार चालतो.

या व्यवहारात गळती फार. तीन पायऱ्या पार करून हिरवा होतो तो थोडाच प्रकाश. उरलेला ८०८ आणि १०६४ चा प्रकाश त्याच दिशेने पुढे निघतो आणि त्याला अडवायला तोंडाशी एक गाळणी-काच बसवायची असते. स्वस्त पॉइंटरमध्ये पैसे वाचवायचे ठरले, की पहिली गळते ती ही काच. तिच्या नसण्याने ठिपक्यात काहीच फरक पडत नाही. गिऱ्हाइकाला कळत नाही, दुकानदारालाही नाही. निस्टच्याच शास्त्रज्ञांनी २०१० साली असा एक स्वस्त पॉइंटर मोजला, तेव्हा हिरव्या प्रकाशापेक्षा कितीतरी जास्त अवरक्त प्रकाश बाहेर पडताना आढळला. हिरवा झगझगला तर पापणी मिटते. अवरक्ताला पापणी दाद देत नाही, कारण डोळ्याला काही दिसलेलेच नसते.

घरच्या घरी याची परीक्षा करता येते आणि या पुस्तकातला तो सगळ्यांत उपयोगी धडा आहे असे मला वाटते. एक निकामी सीडी घ्या. वरचा चंदेरी थर सुरीने थोडा खरवडून, चिकटपट्टी लावून उचलून काढा. उरलेल्या पारदर्शक चकतीवर एकमेकींपासून १.६ मायक्रोमीटर अंतरावर कोरलेल्या रेघा असतात. पॉइंटर चिमट्यात पक्का बसवा, तोंड पांढऱ्या कागदाकडे करा, मध्ये चकती धरा आणि चकतीपासून कागद दहा सेंटिमीटरवर ठेवा. मधला ठिपका सोडून दोन्ही बाजूंना साडेतीन सेंटिमीटरवर एकेक हिरवा ठिपका दिसेल. आता मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून कागदाकडे पाहा. टीव्हीच्या रिमोटचे बटण दाबून त्याचा दिवा ज्या कॅमेऱ्यात चमकताना दिसतो, तो कॅमेरा या कामाला चालतो. हिरव्या ठिपक्यांच्या बाहेरच्या बाजूला, नुसत्या डोळ्यांना जिथे काहीच नाही तिथे, कॅमेऱ्यात फिकट डाग दिसले तर तुमच्या पॉइंटरला गाळणी नाही. तो फेकून द्या. मुलांना खेळायला देऊ नका, मित्राला भेटही देऊ नका.

हीच मांडणी तरंगलांबी मोजायलाही चालते. ६५० नॅनोमीटरचा लाल ठिपका मध्यापासून सुमारे साडेचार सेंटिमीटरवर पडतो, ४०५ चा जांभळा अडीचच्या थोडा पुढे. पट्टी आणि थोडी त्रिकोणमिती एवढ्यावर वेष्टनावरचा आकडा खरा की खोटा ते कळते. ज्यांच्याकडे सीडी उरलेली नाही त्यांनी मिलीमीटरच्या रेघा कोरलेली स्टीलची पट्टी घ्यावी आणि तिच्यावर अगदी तिरका किरण टाकून भिंतीवरचे ठिपके मोजावेत. आर्थर शॉलो या लेझरच्या आद्य शास्त्रज्ञाने ही युक्ती १९६५ मध्ये लिहून ठेवली आहे. नॅनोमीटरचे माप मिलीमीटरच्या पट्टीने काढायचे, यात एक खट्याळपणा आहे आणि तो मला फार आवडतो.

गेल्या काही वर्षांत ५२० नॅनोमीटरच्या आसपासचे सरळ हिरवा प्रकाश देणारे डायोड आले आहेत. त्यांत स्फटिक नाहीत, अवरक्ताची भानगड नाही. जुना हिरवा पॉइंटर थंडीत मलूल होतो, कारण ८०८ चा डायोड गारठला की त्याची तरंगलांबी सरकते आणि स्फटिक ती नीट शोषत नाही. डिसेंबरच्या पहाटे आकाशदर्शनाला गेलेल्यांना पॉइंटर काखेत धरून उबवताना मी पाहिले आहे. नव्या डायोडला हे सोपस्कार लागत नाहीत. हिरवा घ्यायचाच असेल तर ५२० विचारून घ्या आणि घरी आणून सीडीवर तपासा.

जांभळ्याची फसवणूक वेगळ्या प्रकारची. आपल्या डोळ्याला ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्याची संवेदना सर्वांत जास्त. तितक्याच मिलीवॉटचा ५३२ चा हिरवा किरण ६५० च्या लालपेक्षा आठपट उजळ दिसतो, तर ४०५ चा जांभळा हिरव्याच्या हजारांशाइतकाही उजळ दिसत नाही. त्यामुळे जांभळा पॉइंटर हातात आला की नवा माणूस म्हणतो, 'हा तर मेलेला आहे,' आणि तोंडाशी डोळा नेऊन बघतो. तो मेलेला नसतो. पांढऱ्या शर्टावर टाकला की निळसर झळकतो, तीही त्याची स्वतःची चमक नव्हे. धुण्याच्या पावडरीतली उजाळा देणारी द्रव्ये जांभळा प्रकाश पिऊन निळा ओकत असतात. कोणत्या किरणाची इजा किती, हे डोळ्याला दिसणाऱ्या उजेडावरून ठरवता येत नाही.

इजेबद्दल सविस्तर बोलायला हवे, कारण महाराष्ट्राने ते आता जवळून पाहिले आहे. २०२३ च्या गणेशोत्सवात मिरवणुकांतल्या लेझर झोतांनंतर नाशिक आणि कोल्हापूर भागांत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तरुण मुले आली. त्यांच्या दृष्टिपटलाच्या मध्यावर रक्तस्राव झालेला होता. मिरवणुकीत नाचणाऱ्या मुलाचा दोष एवढाच, की तो झोताकडे बघत होता. पुढच्या वर्षी पुण्यात पोलिसांनी उत्सवात अशा झोतांवर बंदीचे आदेश काढले. झोत सोडणारी ती यंत्रे काही वॉटची असतात आणि ती प्रेक्षकांच्या डोक्यांवरून, बऱ्याच उंचीवरून फिरवण्यासाठी बनवलेली असतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, लोकांच्या तोंडासमोर लावायला नव्हे. तिथे ज्यांच्या मोबाइलचा सेन्सर जळून फोटोत कायमची रेघ उमटली, त्यांनी आपण स्वस्तात सुटलो असेच समजावे.

कारण साधे आहे. लेझरचे किरण जवळजवळ समांतर येतात आणि डोळ्याचे भिंग ते दृष्टिपटलावर काही मायक्रोमीटरच्या बिंदूत गोळा करते. बुबुळाच्या तोंडाशी असलेली तीव्रता आतल्या बिंदूवर सुमारे लाखपट होते. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. भाजले तरी दुखत नाही, आणि दृष्टीच्या मध्यावर काळा ठिपका राहिला आहे हे कधी कधी दुसऱ्या दिवशी वाचायला बसल्यावर लक्षात येते. डोळा मिटायला माणसाला पाव सेकंद लागतो. १ मिलीवॉटपेक्षा कमी शक्तीचा दृश्य किरण त्या पाव सेकंदात इजा करत नाही, म्हणून त्याला वर्ग २ म्हणतात. ५ मिलीवॉटपर्यंतचा ३-आर: चुकून क्षणभर गेला तर बहुधा निभावते, मुद्दाम पाहिले तर नाही. तिथपासून ५०० मिलीवॉटपर्यंत ३-बी. तिथे पापणी मिटेपर्यंत झालेले असते. त्याहून वरचा वर्ग ४, ज्याचा भिंतीवर पडलेला ठिपका जवळून न्याहाळणेही धोक्याचे आणि जो कागद, कातडी, पडदा पेटवतो. हे वर्ग पाठ करायची गरज नाही. वेष्टनावर वर्ग लिहिलेला नसेल तर वस्तू घ्यायची नाही, एवढे पुरे.

गॉगलबद्दल दोनच शब्द, कारण पुस्तकात त्यावर अख्खे प्रकरण आहे. लेझरच्या डब्यात फुकट मिळणारा रंगीत प्लास्टिकचा चष्मा गॉगल नव्हे. उन्हाचा काळा चष्मा तर नाहीच. त्याच्या काळोखात बाहुली उलट मोठी होते. खऱ्या गॉगलच्या काचेवर दोन गोष्टी छापलेल्या असतात: कोणत्या तरंगलांबीपासून कोणत्या तरंगलांबीपर्यंत तो चालतो आणि तिथे त्याची प्रकाशीय घनता किती. घनता ४ म्हणजे दहा हजारांतला एक भाग आत येतो. एक वॉटचा किरण ०.१ मिलीवॉट होतो. ४५० च्या निळ्यासाठीचा नारिंगी गॉगल लाल लेझरपुढे साध्या काचेसारखा आहे. जुन्या हिरव्या पॉइंटरवर काम करायचे तर ५३२, ८०८ आणि १०६४ तिन्ही अडवणारा हवा. गॉगलची किंमत ऐकून लोक नाराज होतात, कारण ती लेझरपेक्षा जास्त असते. ती तशीच असणार.

आता सुट्या डायोडकडे. इथे हौसेला खरे काम मिळते. बाजारात येणारे बहुतेक डायोड ५.६ मिलीमीटर व्यासाच्या धातूच्या टोपीत बसलेले असतात, खाली दोन-तीन पाय. मोठ्या निळ्यांची टोपी ९ मिलीमीटरची. टोपीच्या काचेतून भिंगाने पाहिले तर आत मिठाच्या कणाहून लहान तुकडा दिसतो आणि त्याच्या कडेच्या मायक्रोमीटरभर जागेतून सगळा प्रकाश बाहेर पडतो. इतक्या अरुंद जागेतून निघाल्यामुळे तो किरण नसतोच मुळी. तो पंख्यासारखा पसरतो, एका दिशेला जास्त, दुसरीला कमी. पुढे भिंग लावून त्याला समांतर करायचे असते. वॉटभराचा निळा डायोड घेऊन बसलेल्यांचा इथे हिरमोड होतो. त्याच्या प्रकाशाची जागा एका बाजूने लांबट असते, त्यामुळे दूरच्या भिंतीवर गोल ठिपक्याऐवजी एक आडवी पट्टी उमटते. वॉट वाढवून किरण सुबक होत नाही, बहुधा उलटच होते.

डायोडला व्होल्टेज द्यायचे नसते, प्रवाह द्यायचा असतो. हे वाक्य मी वर्गात फळ्यावर लिहून ठेवत असे. साधा लाल डायोड वीसेक मिलीअँपिअरपर्यंत नुसता एलईडीसारखा मंद लाल राहतो. उंबरठा ओलांडला की एकदम ठिपका भिंतीवर टोकदार होतो आणि त्यात ती बारीक दाणेदार चमचम येते. तो क्षण मल्टिमीटरकडे एक डोळा ठेवून पाहण्यासारखा आहे. आता हव्यास सुटतो: आणखी पाच मिलीअँपिअर, आणखी पाच. आणि मग काही आवाज नाही, धूर नाही, ठिपका फिका आणि पसरट होतो. डायोडच्या कडेचा आरसा स्वतःच्याच प्रकाशाने जळालेला असतो. प्रवाह अजून वाहतो, उजेडही थोडा असतो, पण लेझर संपलेला असतो. त्याचा एलईडी झालेला असतो.

म्हणून प्रवाह आवरणारा ड्रायव्हर. सुरुवातीला एलएम ३१७ हा तीन पायांचा, कुठल्याही दुकानात मिळणारा तुकडा पुरेसा आहे. त्याच्या दोन पायांमध्ये तो १.२५ व्होल्ट राखतो, त्यामुळे तिथे दहा ओहमचा रोधक लावला की प्रवाह १२५ मिलीअँपिअरच्या वर जात नाही. हव्या त्या प्रवाहासाठी रोधक बदलायचा, हिशोब तोंडी होतो. डायोड जोडण्याआधी त्याच्या जागी साधे सिलिकॉन डायोड ओळीने आणि एक ओहमचा रोधक लावून ड्रायव्हर तपासायचा, मगच खरा डायोड चढवायचा. कॅपॅसिटरमध्ये साठलेली वीज आधी उतरवायची. हिवाळ्यात लोकरी स्वेटर घालून डायोड हाताळायचा नाही. अंगावरची स्थिर वीज त्याला पुरून उरते, आणि तो मेला कशाने हे कधीच कळत नाही. सोल्डरिंगचे टोक पायाला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवायचे नाही. डायोड पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात घट्ट बसवायचा, कारण खाल्लेल्या विजेतला मोठा भाग उष्णता होतो आणि ती जायला वाट हवी. ही सगळी शिस्त कंटाळवाणी वाटेल. ज्यांना कंटाळा येतो त्यांच्यासाठी तयार मॉड्यूल मिळतात आणि ते घेण्यात काही कमीपणा नाही.

मग करायचे काय या लेझरचे?

डोक्याचा एक केस चौकटीत ताणून त्यावर लाल किरण टाका. दोन मीटरवरच्या भिंतीवर मधल्या ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या फटींची माळ उमटते. फटींमधले अंतर मोजा. तरंगलांबीला भिंतीच्या अंतराने गुणा आणि फटींमधल्या अंतराने भागा, केसाची जाडी आली. ६५० नॅनोमीटरच्या किरणाने फटी १८-१९ मिलीमीटरवर पडल्या तर केस ७० मायक्रोमीटरचा. घरात सगळ्यांचे केस मोजून होतात, मग मांजराचा, मग साडीचा धागा.

सर्जिकल स्पिरिटमध्ये चिमूटभर हळद कालवून गाळून घ्या. लाल किरण त्यातून काही न घडता निघून जातो. त्याच्या कितीतरी पट जोराचा लाल लावला तरी तेच. पण ५ मिलीवॉटचा जांभळा टाकला की बाटलीत हिरवट-पिवळी रेघ पेटते. पालक कुस्करून केलेला हिरवागार अर्क त्याच जांभळ्या किरणात रक्तासारखा लाल चमकतो. प्रकाशाचा एकेक कण किती शक्तीचा आहे याला महत्त्व आहे, एकूण कण किती याला नाही, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे मोठे भौतिकशास्त्र तुमच्या ओट्यावर, हळदीच्या डब्यापाशी दिसते. स्पिरिट पेट घेते, तेव्हा हा प्रयोग लहान लेझरनेच करायचा.

भिंतीवरच्या ठिपक्यातले दाणे न्याहाळत डोके सावकाश डावीउजवीकडे हलवा. जवळचे दिसणाऱ्या, म्हणजे उणे नंबरच्या, माणसाला चष्मा काढल्यावर दाणे डोक्याच्या उलट दिशेने सरकताना दिसतात. अधिक नंबरवाल्याला बरोबर चालताना. सिरिंजच्या टोकाला लोंबणाऱ्या डबक्यातल्या पाण्याच्या थेंबातून किरण पाठवा, समोरच्या भिंतीवर थेंबातले जीव हातभर मोठे होऊन पोहू लागतात. आणि बांधकामावर जाऊन बघा. पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन दोन टोकांना दोन माणसे उभी राहत ती पातळी आता हिरव्या रेघेचा एक डबा एकटाच दाखवतो. त्याच्या आत तोच ५२० चा डायोड आणि किरणाला रेघेत फाकवणारी काचेची कांडी आहे.

आकाशदर्शनवाल्यांबद्दल थोडे. हिरव्या किरणाने तारे दाखवण्याची सोय मोठी आहे. पन्नास माणसांना एकाच वेळी मृग आणि कृत्तिका कुठे आहेत ते कळते. पण पॉइंटर एकाच्याच हातात असावा, फोटो काढणाऱ्यांना विचारून लावावा, आणि विमानाचा दिवा दिसला की पॉइंटर खाली जायला हवा. अमेरिकेत २०२३ या एका वर्षात विमानांवर लेझर मारल्याच्या १३,३०४ तक्रारी नोंदल्या गेल्या. तिथे आणि ब्रिटनमध्ये या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आपल्याकडेही विमानतळांच्या परिसरात याविरुद्ध पोलिसांचे मनाई आदेश निघतात. किरण रुंद होतो हे सुरुवातीला सांगितले ते इथे उलटते. तीन किलोमीटरवर तीन मीटर रुंद झालेला हिरवा झोत कॉकपिटच्या काचेवर पडतो, काचेतल्या ओरखड्यांवर विखुरतो आणि उतरण्याच्या ऐन क्षणी वैमानिकाला धावपट्टी दिसेनाशी होते. गंमत म्हणून केले हा बचाव कुठल्याही कोर्टात चालत नाही आणि चालूही नये.

पुस्तक पहिल्या पानापासून ओळीने वाचायची सक्ती नाही. ज्यांना फक्त पॉइंटर घ्यायचा आहे त्यांनी खरेदीचे आणि तपासणीचे प्रकरण वाचून थांबावे. सोल्डरिंगचा हात बसलेला नाही त्यांनी ड्रायव्हरचे प्रकरण एखाद्या जाणत्याच्या शेजारी बसून करावे. शाळेतल्या शिक्षकांनी प्रयोगांचा भाग खुशाल उचलून वापरावा. तो सगळा १ मिलीवॉटच्या लालने जमेल असा बेतला आहे, फक्त हळद-पालकाला जांभळा लागतो. वॉटच्या लेझरवरचे प्रकरण शेवटी टाकले आहे आणि मुद्दाम लहान ठेवले आहे.

खरेदीचा क्रम एवढाच लक्षात ठेवा. आधी वर्ग २ चा लाल पॉइंटर आणि एक जुनी सीडी. त्यावर सहा महिने काढा. मग मल्टिमीटर, नसला तर. त्याहून मोठा लेझर घ्यावासा वाटला तर आधी त्याच तरंगलांबीचा गॉगल मागवा आणि तो हातात आल्यावरच लेझरची ऑर्डर द्या. सुटे डायोड घ्याल तेव्हा लागतील त्यापेक्षा दोन जास्त घ्या. पहिला जळणारच आहे.